दुधाचे दात पडणारच, मग दाखवायचे कशाला?

आम्ही पाटोद्याहून बोलतोय. बचत गटाच्या बैठकीत लेकराच्या दातदुखीचा विषय निघाला, की कुणीतरी म्हणतंच, "दुधाचे दात हायेत, पडणारच की!" मग दाढेत लवंग धरायची आणि रात्र काढायची. आम्हीही तेच केलं. याच समजुतीशी झगडत लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर तयार झाले. आज त्यांची गोष्ट.

आपल्या देशात दातांचं पहिलं कॉलेज १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलं. मुंबईचं नायर दंत महाविद्यालय १९३३ चं. त्याआधीच, १९०९ मध्ये, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात मिनी जॉर्डन या बाईंनी फक्त मुलांचेच दात तपासायला सुरुवात केली होती. भारतात या डॉक्टरांची संघटना १९७९ मध्ये उभी राहिली. मराठवाड्यात शासकीय दंत महाविद्यालय १९८२ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सुरू झालं.

दातांचे डॉक्टर व्हायला पाच वर्षं लागतात. लेकरांचे तज्ज्ञ व्हायला आणखी तीन. त्यात लेकराची भीती घालवायलाही शिकवतात. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मगच करायचं.

हे डॉक्टर दुधाच्या दातांना का जपतात? मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात आणि पक्क्या दातांची जागा राखतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली पक्की दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाचीच समजतो. ती गेली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. दातही बघतं, गरज असेल तर पुढच्या दवाखान्यात पाठवतं. पण आपली लेकरं दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातात. पथक येतं, तेव्हा लेकरू फडावर असतं.

म्हणून मैत्रिणींनो, कोयता गाडीत चढायच्या आधी अंगणवाडीताईंना, गुरुजींना तपासणीची तारीख विचारा. तारीख पुढं असेल, तर लेकराला आधीच सरकारी दवाखान्यात दाखवून घ्या. आणि पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करतानाच विचारा, सहा वर्षांचं लेकरू कुणाकुणाच्या घरात आहे?