दगड आणि चौकट : ‘फँड्री’च्या अंत्यदृश्याविषयी

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाची कथा अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोळनेर या गावी घडते. ‘फँड्री’ हा कैकाडी बोलीतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. चित्रपटाच्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो आणि पडदा काळा होतो. या दगडाची चर्चा पुष्कळ झाली; परंतु तो ज्या चौकटींतून सिद्ध होत गेला त्यांचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे.

पडद्यावरून प्रेक्षकाला सन्मुख होण्याची रीत आपल्याकडे जुनीच. दादासाहेब फाळके यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) या मूकपटात देव प्रेक्षकासमोर प्रकट होतो, तो दर्शन देण्यासाठी. पाश्चात्त्य चित्रपटात याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३). त्यातील दरोडेखोर प्रेक्षकावर पिस्तूल झाडतो. मात्र ते दृश्य आरंभी दाखवावे की शेवटी, हे चित्रपटगृहचालकाच्या मर्जीवर सोडलेले होते. कथेशी त्याचा सांधा किती सैल होता, हे यावरून कळून येते.

‘फँड्री’तील दगड असा सुटा काढता येत नाही. डुक्कर पकडण्याच्या दीर्घ प्रसंगात माने कुटुंब खाली धावते आहे आणि गावकरी तमाशा पाहावा तसे ते पाहत हसत आहेत. त्या हसणाऱ्यांत शालूही आहे. जब्या आडोसा शोधतो, तो डुकरापासून नव्हे, तर या नजरांपासून. नाते सांगायला संवाद लागत नाही. कोण पाहतो आणि कोण पाहिला जातो, एवढ्याने ते स्पष्ट होते. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, माणसे ताठ उभी राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे बांबूला टांगलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरील समाजसुधारकांच्या चित्रांसमोरून नेले जाते. येथे कॅमेरा काहीच अधोरेखित करीत नाही, हे दिग्दर्शकाच्या संयमाचे लक्षण होय.

या साऱ्या वेळात प्रेक्षकही पाहतच असतो, क्वचित हसतही असतो. जब्या नेम धरतो तो टिंगल करणाऱ्यावर. अखेरच्या चौकटीत मात्र त्या टिंगलखोराच्या जागी कॅमेरा, अर्थात प्रेक्षक, येतो. आता चित्रपटगृहात जब्याच्याच वस्तीतून आलेला प्रेक्षकही असतो, आणि दगड त्याच्याही रोखाने येतो. त्याला वगळण्याची सोय या चौकटीत ठेवलेली नाही.