दहा राग, एक तबकडी

1982 साली चरणजित सिंग या मुंबईच्या स्टुडिओ-वादकाने तीन जपानी यंत्रं जोडली आणि दहा राग वाजवले. 1983 मध्ये एचएमव्हीने त्याची एलपी काढली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ती फारशी कोणी घेतली नाही. 2002 मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत मिळाली, 2010 मध्ये त्याने ती नव्याने काढली आणि एकच गलका झाला. 1987 च्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’पासून शिकागोचं मानलं जाणारं अ‍ॅसिड हाउस मुंबईत आधीच वाजलं होतं म्हणे!

आवाज सारखा येतो, कारण यंत्र तेच होतं : रोलँडचं टीबी-303. पण शिकागोच्या पोरांना ही तबकडी ठाऊक असल्याचा काहीच पुरावा नाही. तेव्हा तिचं कूळ शोधायचं तर पश्चिम रेल्वेने मालाडला उतरावं.

मालाडला 1934 मध्ये हिमांशु राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज उभारली. तिथल्या संगीतकार सरस्वतीदेवी, म्हणजे मूळच्या खुर्शीद मिनोचर-होमजी, पंडित भातखंड्यांच्या शिष्या. ज्यांनी रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, त्यांची ही विद्यार्थिनी. ‘अछूत कन्या’च्या (1936) काळात 78 च्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांत संपायची. राग तेवढ्यात बसवणं हे इथलं रोजचं काम होतं.

1943 मध्ये शशधर मुखर्जी आणि अशोककुमार फुटून बाहेर पडले आणि पुढच्याच स्टेशनावर, गोरेगावात, ‘फिल्मिस्तान’ निघाली. तिच्या ‘नागिन’मध्ये (1954) हेमंतकुमारांच्या चालीवर डोलणारी बीन ही पुंगी नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनी ती वाजवली होती. खेड्यापाड्यांत लोक डोलले, आवाज कुठून येतो हे कोणी विचारलं नाही.

सिंग याच स्टुडिओ-परंपरेतले. 1980 च्या ‘कुर्बानी’नंतर सिनेमात डिस्कोची लाट होती, त्यांनी तिच्यावर राग चढवले. ताल टीआर-808 चा, सुरावट ज्युपिटर-8 ची आणि खाली 303 चा घुमणारा खर्ज. 303 वर सोळा पायऱ्यांचा एक आकृतिबंध भरला की तो फिरत राहतो. त्यात ‘स्लाइड’ची सोय आहे, म्हणजे एक स्वर न तुटता दुसऱ्यावर घसरतो. गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून ते यंत्र बनलं होतं. सिंगांच्या हाती त्याची मींड झाली.

एका बाजूला भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येकाला साधारण पाच मिनिटं.

आज ऐकताना तोडीपाशी कान अडखळतो. गवई कोमल गंधार जितका उतरवेल, तितका तो या पट्ट्यांवर उतरत नाही. हीच तक्रार पेटीबद्दल होती. आकाशवाणीने तर 1940 पासून तीस-एक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. तरी भजन, नाट्यगीत, ख्याल यांतलं पेटीचं स्थान हललं नाही. सिंग 2015 मध्ये वारले. त्यांच्या तबकडीला शिकागोचा पूर्वज म्हणून मिरवण्यापेक्षा पेटी आणि क्लॅव्हिओलिनच्या पंक्तीला बसवावं. स्वर थोडा सोडून रागाला नवी जागा मिळवून देणाऱ्यांची ती पंगत आहे.