विस्मृत ध्वनिफितींचा इतिहास : भारतातील प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताचे दोन टप्पे (१९६९ ते १९८२)

प्रस्तावना :
भारतीय संगीताच्या इतिहासलेखनात घराणी, नाट्यसंगीत आणि चित्रपटसंगीत यांना यथोचित स्थान मिळाले आहे. विद्युत्-यंत्रांच्या साहाय्याने ध्वनीचे प्रयोग करणाऱ्या कलावंतांची दखल मात्र अभावानेच घेतली गेली. परिणामी, हे संगीत आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या अनुकरणातून अलीकडे आले, असा समज रूढ झाला. प्रस्तुत निबंधात अहमदाबाद व मुंबई येथील दोन उदाहरणांच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे.

अहमदाबाद येथील प्रयोग :
अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून ध्वनिशाळा उभी केली. यामागे पूर्वपीठिका होती. गीता साराभाई यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन केज यांना भारतीय संगीताचा परिचय करून दिला आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले. म्हणजेच ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. गीता साराभाई, आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी येथे रचना केल्या. १९७०च्या दशकाच्या प्रारंभीच हे कार्य थांबले आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुर्गस यांच्या संशोधनातून त्या प्रकाशात आल्या व निवडक रचनांचा संच २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबई येथील प्रयोग :
मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललित, यमन, मालकंस आदी दहा राग त्यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर योजिले. त्यांपैकी 'टीबी-३०३' हे यंत्र मुळात खर्जाच्या साथीसाठी निर्माण झाले होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यातील सोय मींडेच्या जवळ जाणारी होती. ध्वनिमुद्रिकेस त्या काळी फारसा प्रतिसाद लाभला नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती आली व २०१० मध्ये तिचे पुनर्प्रकाशन झाले. चरणजितसिंग यांचे निधन २०१५ मध्ये झाले.

अग्रक्रमाचा प्रश्न :
शिकागो येथील 'फ्यूचर' या समूहाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेपासून 'अॅसिड हाउस' या शैलीचा आरंभ मानला जातो. तेथेही 'टीबी-३०३' याच यंत्राचा वापर झाला होता. त्यामुळे चरणजितसिंग हेच या शैलीचे जनक होत, असा दावा केला जातो. तो आकर्षक असला, तरी इतिहासाच्या कसोटीवर जपून स्वीकारावा लागतो. कालक्रमातील अग्रक्रम आणि प्रभाव या भिन्न गोष्टी आहेत. शिकागोतील कलावंतांपर्यंत ही ध्वनिमुद्रिका पोहोचल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी स्वतंत्रपणे समान ध्वनी निर्माण झाला, हेच अधिक संभवनीय ठरते. यामुळे चरणजितसिंग यांच्या कार्याचे मोल कमी होत नाही. रागाची बढत यंत्राच्या आवर्तनात कशी बसवावी, हा त्यांचा प्रश्न सर्वस्वी येथल्या मातीतला होता.

निष्कर्ष :
दोन्ही ठिकाणी प्रयोग होते; परंपरा मात्र निर्माण झाली नाही. अहमदाबादच्या ध्वनिफिती श्रोत्यांपर्यंत पोहोचल्या नाहीत, तर मुंबईची ध्वनिमुद्रिका बाजारात येऊनही विस्मरणात गेली. दोहोंचा पुनर्शोध परदेशस्थ अभ्यासकांनी व संग्राहकांनी घेतला, ही बाब आपल्या विद्यापीठीय संशोधनास अंतर्मुख करणारी आहे. लिखित दस्तऐवजाइतकेच ध्वनिमुद्रण हेही इतिहासाचे साधन होय. शिवाय चुंबकीय फीत कागदाहून लवकर जीर्ण होते. म्हणून महाविद्यालयांतील इतिहास व संगीत विभागांनी आपल्या परिसरातील ध्वनिफितींची सूची करून त्यांचे जतन करणे अगत्याचे आहे. जे ऐकले गेले नाही ते घडलेच नाही, असे मानण्याची चूक इतिहासाने करू नये.