पुरुषांच्या क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचा आरंभ

फ्रान्समध्ये आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेल्या शामोनी या गावी ३० जानेवारी १९२४ रोजी ५० किलोमीटर अंतराची स्कीइंग शर्यत झाली. नॉर्वेच्या थॉर्लाइफ हाउग यांनी ती ३ तास ४४ मिनिटे ३२ सेकंदांत जिंकली. त्यांच्या पाठोपाठ आलेले तिघेही नॉर्वेचेच होते. ज्या देशाने या शर्यतीत इतके निर्विवाद वर्चस्व गाजविले, तोच देश अशा प्रकारच्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा भरविण्याच्या विरोधात होता, ही या क्रीडाप्रकाराच्या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट आहे. हा विरोध का होता, तो कसा मावळला आणि पुढे काय घडले, याचा हा संक्षिप्त आढावा.

क्रीडाप्रकाराचे स्वरूप

स्कीइंग म्हटले की उंच डोंगरावरून वेगाने खाली घसरत येणारा खेळाडू डोळ्यांपुढे येतो. क्रॉस-कंट्री स्कीइंग त्याहून वेगळे आहे. यात सपाट मैदान, चढ आणि उतार अशा तिन्ही प्रकारच्या भूमीवरून दूरचे अंतर कापावे लागते. स्की अरुंद आणि वजनाला हलक्या असतात. बुटाचा पुढचा भाग तेवढा स्कीला जखडलेला असतो व टाच मोकळी राहते, त्यामुळे चालताना उचलतो तसे पाऊल उचलता येते. दोन्ही हातांतील काठ्यांनी शरीर पुढे रेटले जाते. चढावर दम आणि उतारावर तोल अशी दोहोंची परीक्षा होते.

पूर्वी स्की लाकडाच्या असत आणि त्यांच्या तळाला डांबर व मेण लावले जाई. हे मेण लावणे म्हणजे एक स्वतंत्र विद्याच होती. पाय दाबताच स्कीने बर्फावर पकड घ्यावी आणि भार सैल होताच ती घसरावी, अशा दोन परस्परविरोधी गोष्टी एकाच लेपाकडून साधायच्या असतात. बर्फाचे तापमान बदलले की मेणही बदलावे लागते. ज्याचा अंदाज चुकला त्याची शक्ती व्यर्थ जाते, मग तो कितीही बलवान असो. या शर्यतींचे निकाल हवामानावर का अवलंबून राहिले, याचे कारण यात आहे.

उपजीविकेच्या साधनातून शर्यतीकडे

स्कँडिनेव्हियात स्की हे मुळात खेळाचे साधन नव्हते. शिकार, रेनडिअर पालन, टपाल आणि सैन्याच्या हालचाली यांसाठी त्यांचा शतकानुशतके उपयोग होत आला. नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे १८४३ मध्ये झालेली शर्यत ही नागरिकांसाठीच्या आद्य सार्वजनिक शर्यतींपैकी एक मानली जाते. पुढे १८७९ पासून राजधानीजवळील हुसेबी येथे आणि १८९२ पासून होल्मेनकोलेन येथे नियमित स्पर्धा होऊ लागल्या.

शर्यतीचा उपयोग साक्षीपुराव्यासारखाही होऊ शकतो, हे स्वीडनमधील एका घटनेने दाखविले. संशोधक आडोल्फ एरिक नॉर्डेनशोल्ड यांच्या १८८३ मधील ग्रीनलँड मोहिमेत दोन सामी सहकारी होते. सामी हे उत्तर स्कँडिनेव्हियातील मूळ रहिवासी. हे दोघे बर्फाळ पठारावर पाहणीसाठी गेले आणि ५७ तासांनी परत आले. आपण एकूण ४६० किलोमीटर अंतर कापले, असे त्यांनी सांगितले. अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. तेव्हा नॉर्डेनशोल्ड यांनी एप्रिल १८८४ मध्ये योकमोक्क ते क्विकयोक्क आणि परत अशी २२० किलोमीटरची शर्यत भरविली. तीत ग्रीनलँडला गेलेल्या दोघांपैकी एक, पाव्वा-लास्से तुओर्डा, पहिले आले. विश्रांतीच्या वेळेसह त्यांना २१ तास २२ मिनिटे लागली. मोजलेले अंतर आणि घड्याळ यांपुढे संशयाला फारशी जागा उरली नाही.

१८८८ मध्ये नॉर्वेचे फ्रित्योफ नानसेन यांनी स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले. त्यांच्या प्रवासवृत्तांतामुळे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आदी देशांत स्कीइंगची लाट उसळली. आता हा खेळ केवळ उत्तरेचा राहणार नव्हता.

नॉर्डिक क्रीडास्पर्धा आणि विरोधाची कारणे

स्वीडनचे लष्करी अधिकारी व्हिक्टर बाल्क यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये स्टॉकहोम येथे पहिल्या नॉर्डिक क्रीडास्पर्धा भरल्या. हिवाळी खेळांचे अनेक देशांचा सहभाग असलेले हे पहिले मोठे संमेलन होते. मात्र या खेळांना राजकारणाचा स्पर्श लवकरच झाला. नॉर्वे आणि स्वीडन तेव्हा एकाच राजाच्या छत्राखाली होते. हा संबंध तोडण्यावरून वाद विकोपाला गेला आणि नॉर्वेने १९०५ च्या नॉर्डिक स्पर्धांवर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी नॉर्वे स्वतंत्र झाला.

१९१० मध्ये ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथे, दहा देशांच्या प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय स्की आयोगाची स्थापना केली. निरनिराळ्या देशांतील नियमांत सुसूत्रता आणणे हे त्याचे काम होते. परंतु ऑलिंपिकच्या धर्तीवर हिवाळी खेळांचा स्वतंत्र सोहळा करण्यास नॉर्डिक देशांची तयारी नव्हती. नॉर्डिक स्पर्धा आणि होल्मेनकोलेनचा वार्षिक मेळावा यांचे महत्त्व त्यामुळे कमी होईल, अशी त्यांना भीती वाटे. शिवाय ज्या देशांत स्कीइंग नुकतेच पोहोचले होते, त्यांनी त्याचे नियम ठरवावेत, हेही त्यांना रुचणारे नव्हते. स्कीइंग ही नॉर्वेच्या लोकांच्या दृष्टीने निव्वळ करमणूक नव्हती. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्राच्या अस्मितेचा तो एक भाग होता.

शामोनी, १९२४

अखेर तडजोड निघाली. शामोनी येथे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आश्रयाखाली, परंतु ‘ऑलिंपिक’ हे नाव न देता, हिवाळी क्रीडा सप्ताह भरवावा, असे ठरले. जानेवारी १९२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या या सप्ताहात १६ देशांनी भाग घेतला. त्याला पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा दर्जा १९२६ मध्ये, म्हणजे मागाहून, देण्यात आला.

क्रॉस-कंट्रीच्या दोन शर्यती झाल्या आणि दोन्ही फक्त पुरुषांसाठी होत्या. ५० किलोमीटरच्या शर्यतीत हाउग यांच्यानंतर थोरालफ स्ट्रॉमस्टाड, योहान ग्रॉटुम्सब्रोटेन आणि योन मोर्डालेन हे नॉर्वेचे खेळाडू आले. चौथ्या आणि पाचव्या खेळाडूंमध्ये पंधरा मिनिटांहून अधिक अंतर होते. १९२२ मध्ये स्वीडनमधील ९० किलोमीटरची पहिली व्हासालोपेत शर्यत जिंकणारे एर्न्स्ट आल्म येथे सहावे आले. २ फेब्रुवारी रोजी झालेली १८ किलोमीटरची शर्यतही हाउग यांनीच १ तास १४ मिनिटे ३१ सेकंदांत जिंकली. ग्रॉटुम्सब्रोटेन दुसरे, तर फिनलँडचे तापानी निकू तिसरे आले. नॉर्वेखेरीज अन्य देशाला मिळालेले क्रॉस-कंट्रीतील हे पहिले ऑलिंपिक पदक होय.

हाउग यांनी क्रॉस-कंट्री व उडी यांच्या संयुक्त स्पर्धेतही सुवर्णपदक मिळविले. उडीच्या स्वतंत्र स्पर्धेत त्यांना कांस्यपदक देण्यात आले, मात्र गुणांची बेरीज चुकली होती. ही चूक पन्नास वर्षांनी उघडकीस आली. १९७४ मध्ये ऑस्लो येथे हाउग यांच्या कन्येने ते पदक त्याचे खरे मानकरी, अमेरिकेचे आंडर्स हाउगेन यांच्या हाती सुपूर्द केले. तेव्हा हाउगेन यांनी वयाची पंचाऐंशी वर्षे ओलांडली होती. हाउग मात्र १९३४ मध्येच निवर्तले होते.

आंतरराष्ट्रीय महासंघ आणि जागतिक स्पर्धा

१८ किलोमीटरची शर्यत झाली त्याच दिवशी, २ फेब्रुवारी १९२४ रोजी, शामोनी येथे १४ देशांच्या ३६ प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना केली. स्वीडनचे इवार होल्मक्विस्ट हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नॉर्डिक देशांच्या शंकांना हे एक प्रकारे उत्तर होते. नियम करणाऱ्या संस्थेत त्यांचा शब्द वजनदार राहणार होता.

महासंघाच्या वतीने १९२५ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील योहानिसबाड येथे शर्यती झाल्या. त्यांना पुढे पहिल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांचा दर्जा मिळाला. यजमान देशाचे ओटाकार नेमेत्स्की यांनी १८ किलोमीटरची, तर फ्रांतिशेक डोन्थ यांनी ५० किलोमीटरची शर्यत जिंकली. तथापि उत्तरेकडील बलाढ्य संघांच्या अनुपस्थितीत मिळालेला हा विजय होता. पुढच्या वर्षी फिनलँडमधील लाहती येथे स्पर्धा झाल्या तेव्हा चित्र पालटले. फिनलँडच्या मात्ती राइव्हिओ यांनी ३० आणि ५० किलोमीटरच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. १९२७ मध्ये इटलीतील कोर्तिना येथे स्वीडनच्या योन लिंडग्रेन यांनी दोन्ही अंतरांवर विजय मिळविला.

हवामानाची परीक्षा

१९२८ चे हिवाळी ऑलिंपिक स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे झाले. ५० किलोमीटरच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी थंडी होती, पण ‘फोएन’ नावाचा उष्ण वारा सुटला आणि दुपारपर्यंत पारा २५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला. बर्फ विरघळू लागला, लावलेले मेण निरुपयोगी ठरले. या स्थितीत स्वीडनच्या पेर-एरिक हेडलुंड यांनी ४ तास ५२ मिनिटे ३ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. शामोनीतील विजेत्या वेळेपेक्षा ही वेळ एका तासाहून अधिक होती, तरीही दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा ते तेरा मिनिटांनी पुढे होते. तिन्ही पदके स्वीडनला मिळाली. १८ किलोमीटरची तिन्ही पदके मात्र नॉर्वेने घेतली आणि ग्रॉटुम्सब्रोटेन विजेते ठरले.

१९३२ मध्ये अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे ५० किलोमीटरची शर्यत हिमवादळात झाली. मार्गाविषयीच्या वादामुळे ती उशिरा सुरू झाली. फिनलँडचे वेली सारिनेन विजयी झाले. १८ किलोमीटरमध्ये स्वीडनचे स्वेन उटरस्ट्रॉम पहिले आले.

चार खेळाडूंनी प्रत्येकी १० किलोमीटर धावण्याची रिले शर्यत १९३३ मध्ये इन्सब्रुक येथील जागतिक स्पर्धांत प्रथम घेण्यात आली आणि ती स्वीडनने जिंकली. १९३६ मध्ये जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे तिचा ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला. फिनलँडचे अखेरचे खेळाडू काल्ले याल्कानेन नॉर्वेच्या खेळाडूपेक्षा एक मिनिटाहून अधिक मागे होते. त्यांनी ही पिछाडी भरून काढली आणि फिनलँडने अवघ्या सहा सेकंदांनी बाजी मारली.

वर्चस्व आणि प्रसार

१९२४ ते १९३६ या काळात ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या क्रॉस-कंट्रीच्या एकूण नऊ शर्यती झाल्या. त्यांतील सर्व २७ पदके नॉर्वे, स्वीडन आणि फिनलँड या तीन देशांनीच जिंकली. सुवर्णपदकांपैकी चार स्वीडनला, तीन नॉर्वेला आणि दोन फिनलँडला मिळाली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे नॉर्डिक देशांचे स्थान डळमळीत होईल, ही भीती अशा रीतीने निराधार ठरली. परंतु एकट्या नॉर्वेची मक्तेदारी मात्र संपली. १९२८ नंतरच्या पाच शर्यतींत त्या देशाला एकही सुवर्णपदक मिळाले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाचे वर्तुळ हळूहळू विस्तारले. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये महिलांची १० किलोमीटरची शर्यत प्रथम झाली. १९५४ च्या जागतिक स्पर्धांत सोव्हिएत संघाचे व्लादिमिर कुझिन यांनी ३० आणि ५० किलोमीटरच्या शर्यती जिंकल्या. १९५६ मध्ये सोव्हिएत पुरुष संघाने ऑलिंपिक रिलेचे सुवर्णपदक पटकाविले. पुरुषांच्या वैयक्तिक ऑलिंपिक शर्यतीत नॉर्डिक देशांबाहेरील पहिला विजेता मिळण्यास १९६८ साल उजाडावे लागले. ग्रेनोबल येथे इटलीच्या फ्रांको नोनेस यांनी ३० किलोमीटरची शर्यत जिंकली. त्यांचे प्रशिक्षक स्वीडनचे होते. ज्ञान आपल्यापाशीच राखण्याऐवजी उत्तरेने ते इतरांना दिले, त्याचे हे फळ म्हणता येईल.

भारताचा या क्रीडाप्रकारातील ऑलिंपिक प्रवेश २००६ मध्ये झाला. २०१० मध्ये व्हँकुव्हर येथे लडाखचे ताशी लुंडुप १५ किलोमीटरच्या शर्यतीत उतरले. शामोनीत ज्या शर्यतीच्या आरंभरेषेवर मोजक्या देशांचे खेळाडू उभे होते, तेथे आता हिमालयाच्या छायेतील खेळाडूही उभे राहू शकतात. अंतर तेच, घड्याळ तेच आणि नियम सर्वांना सारखे, हे तत्त्व एकदा मान्य झाल्यामुळेच हे शक्य झाले.