एका भांड्यातली परंपरा

स्वित्झर्लंडची सहल करून आलेल्या मंडळींचे फोटो पाहायला बसले, की बर्फाचे डोंगर, गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आणि तळ्यातली बोट यांच्यानंतर बरेचदा एक वेगळा फोटो येतो. टेबलाच्या मधोमध स्पिरिटची छोटी शेगडी, तिच्यावर मातीचे जाड भांडे, त्यात हळूहळू रटरटणारे पिवळसर चीज आणि भोवती लांब दांड्याचे काटे सरसावून बसलेले सहप्रवासी. काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, चीजमध्ये फिरवायचा आणि गरम गरम खायचा. हा फॉन्ड्यू. या फ्रेंच शब्दाचा अर्थ अगदी साधा, 'वितळलेले'.

फोटोबरोबर एक गोष्टही ऐकायला मिळते. आल्प्समधले गरीब गुराखी हिवाळ्यात बर्फामुळे अडकून पडत. जवळ असे फक्त शिळा पाव आणि कडक झालेले चीज. मग ते चीज वाइनमध्ये वितळवून त्यात पाव बुडवून खात. गोष्ट गोड आहे, पण इतिहास निराळाच हिशेब मांडतो.

चीज वाइनमध्ये शिजवण्याची एक जुनी कृती सापडते ती डोंगरातल्या झोपडीत नव्हे, तर झ्युरिक शहरातल्या १६९९ सालच्या पाकपुस्तकात. 'फॉन्ड्यू' हे नाव मात्र बराच काळ दुसऱ्याच पदार्थाला होते. फ्रान्सचे प्रसिद्ध खवय्ये लेखक ब्रिया-साव्हारँ यांनी १८२५ साली आपल्या ग्रंथात फॉन्ड्यूची कृती दिली, ती अंडी आणि चीज एकत्र परतण्याची. अंडे वगळून नुसत्या चीज-वाइनची कृती 'फॉन्ड्यू' या नावाने छापली गेली १८७५ मध्ये.

आणि गुराख्यांचे काय? ग्रुयेरसारखे उत्तम चीज हा निर्यातीचा, रोख पैशाचा माल होता. तो बनवणाऱ्याला स्वतः पोटभर खाणे परवडत नसे. कोकणात हापूसची पेटी मुंबईला जाते आणि डागाळलेली फळे घरात राहतात, तशातलाच प्रकार. फॉन्ड्यू हे खरे तर पश्चिम स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषक सखल भागातल्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या शहरी लोकांचे जेवण होते. डोंगराशी खरे नाते सांगतो तो राक्लेट. व्हाले प्रांतात चीजचा अर्धा गोळा विस्तवासमोर धरतात आणि वितळलेला थर सुरीने खरवडून ताटात घेतात. योहाना श्पिरी यांची १८८० सालची 'हायडी' ज्यांनी वाचली असेल, त्यांना आजोबांनी लांब काट्यावर धरून शेकलेले चीज आठवेल.

मग एका भागातला हा पदार्थ साऱ्या देशाचा कसा झाला? त्याचे उत्तर पाकघरात नाही, बाजारात आहे. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याच वर्षी 'स्विस चीज युनियन' स्थापन झाली. एमेन्टाल, ग्रुयेर आणि स्ब्रिन्झ ही निर्यातीची चीजे ठरलेल्या भावाने याच युनियनला विकायची आणि पुढे विक्री तिने करायची, अशी व्यवस्था झाली. आपल्याकडच्या कापूस एकाधिकार खरेदीची आठवण व्हावी, असाच हा कारभार. शेतकऱ्याला दुधाचा भाव मिळाला. पण १९३० च्या दशकात जगभर मंदी आली, निर्यात घसरली आणि माल पडून राहिला. बाहेर खपत नाही, तर घरात खपवा! पण पाच-दहा ग्रॅम किसाने काय होणार? फॉन्ड्यूला मात्र माणशी सुमारे २०० ग्रॅम चीज लागते. युनियनने हा पदार्थ उचलून धरला.

काळही अनुकूल होता. शेजारी जर्मनी आणि इटलीत हुकूमशहा बसलेले. चार भाषा बोलणाऱ्या छोट्या देशाला 'आपण सारे एक' असे सांगणारी खूण हवी होती. एका भांड्याभोवती बसलेल्या माणसांइतकी चांगली खूण कुठली मिळणार? पुढे युद्धात चीजवर रेशन आले आणि फॉन्ड्यू थांबला. रेशन उठल्यावर प्रचार दुप्पट जोराने सुरू झाला. १९५० च्या दशकात ही कृती लष्कराच्या पाकपुस्तकातही गेली. तिथे सक्तीची लष्करी सेवा असते. छावणीत शिकलेली कृती जवान घरोघरी घेऊन गेले.

अमेरिकेत फॉन्ड्यू लोकप्रिय व्हायला १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातल्या स्विस दालनाची मोठी मदत झाली. तिथल्या मध्यमवर्गाकडे नोकरचाकर नव्हते. पाहुणे आले, की गृहिणी स्वयंपाकघरात आणि गप्पा दिवाणखान्यात, हे दुखणे आपल्याही ओळखीचे आहे. फॉन्ड्यूने ते सोडवले. पाव कापून ठेवला, भांडे टेबलावर आणले, की यजमानीणही पाहुण्यांबरोबर बसायला मोकळी. फॉन्ड्यूचा संच लग्नातली नेहमीची भेट झाला. गोडाचीही सोय झाली. न्यूयॉर्कमधल्या 'शॅले स्विस' या उपाहारगृहाचे कोनराड एग्ली यांनी १९६० च्या दशकात चॉकलेट फॉन्ड्यू काढला. साय आणि चॉकलेट मंद आचेवर एकजीव करायचे आणि केळी, स्ट्रॉबेरी किंवा केकचे तुकडे त्यात बुडवायचे. ना ओव्हन, ना पाकाची तार! स्वित्झर्लंडच्या नावाने ओळखले जाणारे हे गोड मुळात न्यूयॉर्कचे.

यात थोडे रसायनशास्त्रही आहे. चीज नुसते तापवले, तर तूप वेगळे आणि चिवट गोळा वेगळा होतो. वाइनमधले आम्ल चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवते, प्रथिने सुटी होतात आणि स्निग्धांश त्यांत मिसळून राहतो. चमचाभर कॉर्नफ्लोअर गुठळ्या होऊ देत नाही. हेच सूत्र वापरून १९११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या थुन गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी वाइनऐवजी आम्लाचा क्षार, म्हणजे सायट्रेट घातले आणि टिकाऊ 'प्रोसेस्ड चीज' तयार केले. आपल्या मुंबईच्या चीज सँडविचवर किसला जाणारा चौकोनी क्यूब त्याच घराण्यातला. म्हणजे फॉन्ड्यू कधी चाखला नसला, तरी त्याचा चुलतभाऊ आपल्या फ्रिजमध्ये आहेच.

युनियनची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठरावीक चीजांनाच हमी आणि बाजार मिळाल्याने गावोगावच्या छोट्या, वेगळ्या चवीच्या चीजांना वाव उरला नाही. सरकारी अनुदानाचा बोजा वाढत गेला, गैरव्यवहारांचा बोभाटा झाला आणि १९९९ मध्ये युनियन बंद पडली. त्यानंतर स्थानिक चीजे पुन्हा डोके वर काढू लागली.

युनियन गेली, फॉन्ड्यू मात्र राहिला. फ्रिबूरच्या घरांतून आजही अर्धे ग्रुयेर, अर्धे व्हॅशरां असा तो शिजतो. भांड्यात पाव पाडणाऱ्याला वाइनच्या बाटलीचा दंड होतो. आपल्याला प्रश्न पडेल, एकाच भांड्यात सगळ्यांचे काटे, मग उष्ट्याचे काय? तिथेही शिस्त आहे. ओठ काट्याला न लावता फक्त पाव दातांनी ओढून घ्यायचा. शेवटी तळाशी खरपूस खरवड उरते. तिला तिकडे 'जोगीण' अशा अर्थाचे नाव आहे आणि बासुंदीच्या पातेल्यातल्या खरवडीवर पडतात तशाच तिच्यावर उड्या पडतात.

मग ही परंपरा खोटी म्हणायची का? गुराख्यांची कहाणी बरीचशी रचलेली, हे खरे. पदार्थ घराघरात नेला तो पडून राहिलेल्या मालाने, हेही खरे. पण त्या भांड्याभोवती तीन-चार पिढ्या बसल्या, भांडल्या, हसल्या. ते काही कुठल्या युनियनने रचलेले नाही. परंपरेचा जन्मदाखला जरूर तपासावा. पण तो तपासून झाल्यावर, खरवड निवायच्या आत, पंगतीला येऊन बसावे.