रिसीव्हरमधलं 'सिनेमा ईक्यू' बटण कुठून आलं?

आजचा भाग एका बटणाबद्दल आहे. घरी होम थिएटरचा रिसीव्हर असेल तर त्याच्या मेनूत शिरून बघा. डेनॉन, मरान्ट्झ वगैरे कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये 'सिनेमा ईक्यू' नावाचा पर्याय सापडेल. तो चालू केला की आवाज जरा मऊ होतो, डायलॉगमधले 'स' आणि 'श' कानाला टोचायचे थांबतात. आता मला सांगा, सिनेमा चांगला, स्पीकर चांगले, मग मुद्दाम ट्रेबल कमी करायचं बटण कशाला?

उत्तरासाठी १९३८ सालात जावं लागतं. पण आधी एक मिनिट ईक्यूबद्दल. फोनमधल्या म्युझिक ॲपमध्ये 'बेस बूस्ट', 'रॉक', 'व्होकल' असले प्रीसेट असतात ना, तेच. आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी वाढवायच्या, काही कमी करायच्या. फरक इतकाच की थिएटरमध्ये हे कुणाच्या आवडीवर सोडलेलं नसतं. तिथे एक ठरलेला आलेख असतो आणि हॉलचा आवाज त्या आलेखाशी जुळवायचा असतो.

तर, तीसचं दशक. बोलपट नुकतेच रुळलेले. आपल्याकडे 'आलम आरा' १९३१ चा, 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे साधारण तोच काळ. आवाज फिल्मच्या कडेला एका बारीक पट्टीत छापलेला असायचा. पट्टीतून प्रकाश जायचा, तो फोटोसेलवर पडायचा आणि त्याचा आवाज व्हायचा. गोची अशी की फिल्मचे कण, धूळ, ओरखडे हेसुद्धा आवाज म्हणूनच वाचले जायचे. नुसती खरखर! त्यात स्पीकर पडद्यामागे. पडद्याला बारीक भोकं असली तरी वरच्या फ्रिक्वेन्सी तिथे थोड्या अडायच्याच.

हॉलिवूडच्या ॲकॅडमीने, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेनेच, १९३८ मध्ये यावर तोडगा काढला. हजारो थिएटर्सची यंत्रणा बदलणं शक्य नव्हतं, म्हणून वरचा आवाज कापायचाच असं ठरलं. साधारण १.६ किलोहर्ट्झपर्यंत सपाट, मग घसरण. ५ किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबल खाली, ८ किलोहर्ट्झला १८ च्या आसपास. याला 'ॲकॅडमी कर्व्ह' म्हणतात. खरखर दबली, पण तिच्याबरोबर 'स' आणि 'फ' मधला फरकही दबला. फोनवर स्पेलिंग सांगताना 'एस फॉर सातारा' का म्हणावं लागतं, ते आठवा. हे दोन आवाज वेगळे कळतात ते बऱ्याच अंशी वरच्या फ्रिक्वेन्सींमुळे.

खरी गंमत पुढे आहे. स्टुडिओतले साउंडवालेसुद्धा त्याच कापलेल्या आलेखातून ऐकत मिक्सिंग करायचे. डायलॉग कळत नाहीत म्हटल्यावर ते रेकॉर्डिंगमध्ये ट्रेबल चढवायचे. इतका, की कधीकधी पट्टीवरचा आवाज फाटायचा. तो फाटलेला आवाज झाकायला थिएटरमधली कात्री होतीच!

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. सर्व्हर एक चूक करतो, ॲप उलटी चूक करून ती भरून काढतं आणि सगळं चालतंय असं वाटतं. मग दोन्हीपैकी एकही दुरुस्त करता येत नाही, कारण एक नीट केली की दुसरी उघडी पडते. सिनेमात ही जोडी तीसेक वर्षं तरी सुखाने नांदली. तोवर ॲम्प्लिफायर सुधारले, स्पीकर सुधारले, घरात हायफाय रेकॉर्ड प्लेअर आले, पण थिएटरचा आवाज १९३८ मध्येच.

ही जोडी फोडली डॉल्बीने. रे डॉल्बीने १९६५ मध्ये लंडनला कंपनी सुरू केली ती खरखर कमी करायच्या तंत्रासाठी. १९७१ च्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'च्या मिक्सिंगमध्ये ते वापरलं गेलं. पण प्रिंट शेवटी जुन्या पद्धतीच्या थिएटरात जाणार, तिथे ॲकॅडमी कर्व्ह बसलेला. स्टुडिओत कमावलेली स्वच्छता प्रेक्षकापर्यंत पोचायची कशी?

मग डॉल्बीच्या आयोन ॲलनने लंडनजवळच्या एल्स्ट्रीत प्रयोग केला. मिक्सिंग टेबलाजवळ केईएफचे चांगले स्पीकर ठेवले आणि पडद्यामागचा लांबचा स्पीकर ईक्यूने इतका जुळवला की दोन्ही कानाला सारखे वाटावेत. मग माइकने मोजलं. अपेक्षा सपाट रेषेची, आली उतरती. कानाला सारखं वाटत होतं, पण माइक म्हणत होता की लांबच्या स्पीकरचा ट्रेबल कमी आहे. ही उतरण, २ किलोहर्ट्झपर्यंत सपाट आणि पुढे दर सप्तकाला ३ डेसिबल खाली, 'एक्स कर्व्ह' म्हणून जगभराच्या थिएटर्सचं प्रमाण झाली.

असं का झालं, हे मला या इतिहासातलं सगळ्यात भारी कोडं वाटतं. मोठ्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटत घुमत राहतो. खुर्च्या, पडदे, हवा त्यातला ट्रेबल आधी खातात, म्हणून घुमणारा आवाज मुळातच मंद असतो. मोजणीसाठी पावसाच्या सरीसारखा एकसलग आवाज, म्हणजे पिंक नॉइज, वाजवतात. माइक थेट आलेला आणि घुमलेला असा सगळा आवाज एकत्र मोजतो. आपला मेंदू तसं करत नाही, तो आधी पोचलेल्या थेट आवाजाला जास्त किंमत देतो. म्हणजे थेट आवाज सपाट असला तरी माइकला उतरण दिसणारच. फ्लॉइड टूल या ध्वनितज्ज्ञाने २०१५ च्या शोधनिबंधात यावरच बोट ठेवलं: प्रत्येक हॉल वेगळा घुमतो, मग सगळ्यांना ईक्यूने एकाच उतरणीवर बसवलं तर काही हॉलमध्ये चांगल्या स्पीकरचा थेट आवाजच बिघडतो. मला त्याचं म्हणणं पटतं. मोजणीचा आकडा हेच ध्येय झालं की असंच होतं, हे टेस्ट कव्हरेजच्या मागे पळणाऱ्या कुठल्याही टीमला विचारा.

आता घरी या. दिवाणखान्यात घुमणं कमी, स्पीकर आठ-दहा फुटांवर, मध्ये पडदा नाही. एक्स कर्व्हच्या हॉलमध्ये बसून मिक्स केलेला सिनेमा जसाच्या तसा इथे लावला तर ट्रेबल बोचतो. लुकासफिल्ममध्ये १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या वेळी टीएचएक्स उभं करणाऱ्या टॉमलिन्सन होल्मनला हे दिसलं होतं. होम टीएचएक्समध्ये म्हणूनच 'री-इक्वलायझेशन' आलं, म्हणजे घरासाठी ट्रेबल थोडा खाली. 'सिनेमा ईक्यू' हा त्याचाच भाऊबंद. पुढे होल्मन ऑडिसी कंपनीच्या संस्थापकांमध्येही होता. रिसीव्हरसोबत मिळणारा छोटा माइक सोफ्यावर ठेवून 'फूप फूप' आवाज काढत खोली मोजतात ना, ते तंत्र लोकप्रिय करणाऱ्यांत ऑडिसी पुढे होती. त्यातही 'रेफरन्स' आणि 'फ्लॅट' असे दोन पर्याय असतात. रेफरन्समध्ये वरचा ट्रेबल किंचित उतरता असतो. फ्लॅट हा लहान, गाद्या-पडद्यांनी भरलेल्या आणि स्पीकर अगदी जवळ असलेल्या खोलीसाठी.

ठाण्याला माझ्या मामेभावाकडे आम्ही एका रविवारी दोन्ही लावून बघितले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता जरा बोललेलं कळतंय." तेव्हा फ्लॅट चालू होतं. त्यांचा हॉल आहेच दहा बाय बारा, त्यात दोन सोफे आणि जाड पडदे.

मी स्वतः काय करते? थिएटरसाठी मिक्स झालेल्या जुन्या सिनेमाची डिस्क असेल आणि आवाज टोचत असेल, तर 'सिनेमा ईक्यू' चालू. ओटीटीच्या ओरिजिनल सिरीजला बंद, कारण त्यांचं मिक्सिंग बहुतेक लहान खोलीत, घरचा प्रेक्षक धरूनच झालेलं असतं. तिथे पुन्हा ट्रेबल कापला तर कुजबुजीतले डायलॉग गेलेच म्हणून समजा. आणि इअरफोनवर बघणार असाल तर हे बटण विसरा, तिथे खोलीच नाही. इअरफोनचा 'सपाट' म्हणजे काय हे वेगळंच भांडण आहे, ते पुढच्या भागात.