एका पत्त्यामागचे घर
२००४ च्या धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले, आणि झाशीसारख्या शहरांतही टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून तो घरी येऊ लागला. जोडणीला सार्वजनिक आयपी पत्ता मात्र एकच; घरात संगणक दोन. मग एखादा जुना संगणक द्वारपाल होई: दोन नेटवर्क कार्डे, लिनक्स आणि ‘मास्करेड’चा एक नियम. आतला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता झाकून तो स्वतःचा लिही; आलेले उत्तर कोणाचे, हे तक्त्यात पाही. एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी असल्याने १९९४ मध्ये ही युक्ती मांडली गेली, तीही तात्पुरती म्हणून! तिची किंमत मोठी: बाहेरच्याला आपणहून आत येता येत नाही, म्हणजे घरातून सर्व्हर चालवणे अवघड. आता तर कित्येक घरांना मिळून एकच पत्ता दिला जातो.